दवाखान्यात येताना घरचा ब्रश घेऊन या

माझा दातांचा दवाखाना पुण्यात सदाशिव पेठेत आहे. पहिल्यांदा येणाऱ्या पेशंटला मी फोनवरच सांगते, येताना घरचा ब्रश घेऊन या. लोकांना वाटतं मॅडम गंमत करतायत. पण ब्रश बघितला की निम्मी तपासणी होते. त्याचे केस चारी बाजूंना फेंदारलेले असले तर समजायचं, साहेब दात घासत नाहीत, भांडी घासतात. मग तोंड उघडल्यावर डावीकडच्या सुळ्यामागे, अगदी हिरडीला लागून, नखाला लागेल अशी खाच सापडते. बहुधा डावीकडेच, कारण उजव्या हाताचा जोर तिकडे जास्त बसतो. तिथलं वरचं आवरण झिजून गेलेलं असतं, म्हणून माठातल्या पाण्यानेसुद्धा सणक जाते. यावर लोक 'हार्ड' ब्रश आणतात. त्यांच्या मते आधीचा ब्रश नीट घासत नव्हता!

तेव्हा ब्रश 'सॉफ्ट' लिहिलेलाच घ्या. डोकं लहान असलं तर शेवटच्या दाढेपर्यंत पोचतो. पेस्ट वाटाण्याएवढी पुरते, जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर नागमोडी नको. ब्रश हिरडीकडे तिरका धरा, निम्मे केस दातावर आणि निम्मे हिरडीच्या कडेवर. तिथल्या तिथे हलकेच हलवा आणि मग दाताच्या टोकाकडे ओढून घ्या. वरचे दात वरून खाली, खालचे खालून वर. आतली बाजू विसरू नका. खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिभेला खरखरीत लागतं तिथे, कीटण सगळ्यात आधी साठतं. एकूण २ मिनिटं लागतात. ब्रश ३ महिन्यांनी बदला, आधीच फेंदारला तर आधीच.

"दोन वेळा घासता का?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात. "रात्रीसुद्धा?" म्हटलं की नवरा बायकोकडे बघतो. एकदाच घासणार असाल आणि ऐकणारच नसाल, तर सकाळचं राहू दे, रात्रीचं धरा. तोंडातलं आम्ल धुऊन काढायचं काम दिवसभर लाळ करत असते आणि झोपेत तीच कमी होते. रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याखेरीज काही नाही. हळद-दूधसुद्धा ब्रशच्या आधी. आणि घासून झाल्यावर फेस थुंकून टाका, खळाखळा चुळा भरू नका. पेस्टमधलं कीड रोखणारं फ्लोराइड दातावर राहायला हवं, बेसिनमध्ये जायला नको. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत त्याचा आकडा असतो. मोठ्यांसाठी १००० पीपीएमच्या आसपास असला की झालं. बऱ्याच आयुर्वेदिक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच, ते वाचून घ्या. आजीच्या वेळची राखुंडी हल्ली चारकोल पेस्ट होऊन भारी किमतीत परत आलीय. मला विचाराल तर दोन्ही नकोत, दात झिजतात.

दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस, म्हणजे फटीतून फिरवायचा बारीक दोरा लागतो. फट मोठी असेल तर बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू वाटावं असा छोटा इंटरडेंटल ब्रश मेडिकलमध्ये मिळतो. आपल्याकडे मात्र जेवण झालं की बांगडीला किंवा मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन बाहेर येते. ती पिन हिरडीत घुसते, हिरडी सुजते, सूज उतरली की फट रुंदावते, मग पिन आणखी सहज जाते.

आमच्या भागात स्पर्धा परीक्षेची मुलं भरपूर. अभ्यासिकेत पुस्तक उघडं, शेजारी चहाचा कप, तो एकच चहा तासभर घोट घोट चाललेला. किडीचं गणित साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली यावर जास्त असतं. साखर तोंडात आली की जंतू तिचं आम्ल करतात आणि ते निवळायला अर्धा-पाऊण तास जातो. घोट घोट चहात हे घड्याळ दर घोटाला पुन्हा सुरू होतं. म्हणून चहा प्या आणि संपवा. बाकरवडी, श्रूजबेरी जेवणाला लागून खा, येता-जाता डबा उघडू नका. लिंबू सरबत किंवा सोडा प्यायल्यावर लगेच ब्रश नको. नुसत्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास थांबा.

मुलांच्या बाबतीत एकच गोष्ट जीव तोडून सांगते. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या जागी आधी काही पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं घरात कुणाला कळत नाही. किडली की आई म्हणते, "दुधाचीच आहे ना, पडेल." ती कायमची दाढ असते! मुलाचं डोकं मांडीवर घ्या, मोबाइलचा टॉर्च लावा आणि शेवटची दाढ बघा. पांढुरका, चकाकी गेलेला डाग दिसला तर तेव्हाच या, काळा होईपर्यंत थांबू नका. खाचा खोल असतील तर त्या सीलंटने बुजवता येतात, सुईबिई काही लागत नाही. आणि सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश तुम्हीच करून द्या.

दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, असं पेठेतल्या प्रत्येक वाड्यात कुणीतरी सांगितलेलं असतं. खरं म्हणजे हिरडीखालचं हाड आधीच झिजलेलं असतं आणि कीटणाच्या थराने दात धरून ठेवलेले असतात. थर काढला की हलणं उघडं पडतं, एवढंच. ब्रश करताना रक्त येतं म्हणून लोक नेमकी तीच बाजू सोडून देतात. तिथेच हलक्या हाताने जास्त नीट घासा. दोन आठवड्यांत थांबलं नाही तर दाखवा, आणि साखर तपासलेली नसेल तर तीही तपासून घ्या. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना बिघडवतात.

वेल्ह्या-भोरकडून मुलाकडे राहायला आलेल्या आज्यांचा विषय वेगळा. "मिश्री लावल्याबिगर परसाकडंच होत न्हाई बाई," असं त्या सरळ सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. सुनेला मात्र शिकवून ठेवते, महिन्यातून एकदा आजींचे ओठ आणि गाल बाहेर ओढून उजेडात बघ, जीभ उचलायला लाव. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, कुठे गाठ दिसली की लगेच आण, दुखत नसलं तरी. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांनी आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघावं. जात नसतील तर आतली कातडी आवळत चाललीय. तिखट खाल्ल्यावर आग होणं हे त्याआधीचं लक्षण.

आता दुखण्याचं. गार लागलं, क्षणभर सणक आली आणि गेली, तर सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट दोन-चार आठवडे वापरून बघा. गार संपल्यावरही कळ रेंगाळते, किंवा रात्री दाढ झोपेतून उठवते, तर कीड दाताच्या आतल्या नसेला पोचलीय. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकने ती बरी होत नाही. लवंगतेलाचा थेंब कापसावर घेऊन दाढेत ठेवलात तर रात्र निघेल. गोळी चुरून दाढेत भरू नका, हिरडी भाजते. गाल सुजला असेल तर बाहेरून शेकू नका. सुजेबरोबर ताप असेल, तोंड उघडत नसेल किंवा गिळताना त्रास होत असेल तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये कायमचा दात मुळासकट निघाला तर मुळाला हात लावू नका, पांढऱ्या भागाला धरून उचला. माती लागली असेल तर दुधात बुडवून काढा. जमलं तर लगेच जागेवर बसवा, नाहीतर दुधातच ठेवून तासाच्या आत डेंटिस्टकडे पोचा. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही.

पैशांमुळे अडत असेल तर डेंटल कॉलेजची ओपीडी आहे. धनकवडीला भारती विद्यापीठाचं, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला. विद्यार्थी काम करतात, सर बघायला असतात. पैसे कमी लागतात, वेळ भरपूर. सकाळी लवकर जा, जुने एक्स-रे आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दात काढायचाय म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका. केसपेपर काढतानाच तसं सांगा.