एटीव्हीला बाहेरची रिम बसवताना: सगळा खेळ नटाच्या बुडाशी

एटीव्ही म्हणजे खडबडीत वाटांवर चालणारी चार चाकी, उघडी गाडी; बाहेरची रिम म्हणजे गाडीबरोबर न आलेली, वेगळी विकत घेतलेली. गाडी सपाट आणि टणक जागी आहे, पार्किंग ब्रेक ओढलेला आहे, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना अडसर लावला आहे, जॅकच्या जोडीला चासीखाली स्टँडही आहे, हे सगळे तुम्ही करणारच असे धरून चालतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात आत घालणाऱ्याने हा लेख इथेच सोडावा.

रिम घेण्याआधी

पीसीडी मोजा, म्हणजे नटांच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. चार भोकांच्या रिमवर ते सोपे आहे: एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरासमोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत. होंडा, यामाहा, सुझुकीच्या बहुतेक युटिलिटी एटीव्हींना ४/११० (चार भोके, ११० मिलीमीटर) लागतो, कॅन-अ‍ॅमला ४/१३७, पोलारिसला ४/१५६. स्पोर्ट क्वाडमध्ये, म्हणजे वेगाने पळवायच्या एटीव्हीत, पुढचा आणि मागचा पीसीडी बऱ्याचदा वेगळा असतो, म्हणून दोन्हीकडे मोजा.

ऑफसेट ४+३ असा लिहिलेला असतो. पहिला आकडा रिमची रुंदी हबच्या (चाक ज्यावर बसते त्या भागाच्या) बाहेर किती इंच, दुसरा आत किती इंच. ७ इंची रिम ५+२ घेतली तर चाके बाहेर सरकतात, गाडी रुंद बसते, पण स्टिअरिंग जड होते आणि बेअरिंगवरचा भार वाढतो. ४+३ आत सरकते, तेव्हा कॅलिपर (ब्रेक दाबणारा भाग) आणि टाय रॉडला (स्टिअरिंगचा दांडा) घासते का ते पाहावे लागते. पाहायची रीत एकच: टायर चढवण्याआधी नुसती रिम हबवर लावायची, हाताने एक पूर्ण फेरी फिरवायची, आणि पुढचे चाक असेल तर स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून पुन्हा फिरवायची. टायर चढवल्यावर हे कळून उपयोग नाही.

जुने चाक काढणे

नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा वेढा ढिले करा, मग उचला.

पुष्कळदा नट निघतात आणि चाक जागचे हलत नाही. स्टीलचा हब आणि अ‍ॅल्युमिनियमची रिम यांच्यात ओल शिरली की दोन्ही एकमेकांना चिकटतात. अशा वेळी रिमच्या कडेवर लोखंडी हातोडा मारा असे सांगणारे भेटतील. त्यांना रिमचे पैसे भरायला सांगा. नट पूर्ण काढू नका, दोन वेढे राहू द्या. हबच्या मधोमध गंज सोडवणारा स्प्रे मारा, पण ब्रेकच्या चकतीवर एक थेंबही जाऊ देऊ नका. थोडा वेळ थांबा. मग टायरला आतल्या बाजूने रबरी हातोड्याने मारा, चाक पाव फेरी फिरवा, पुन्हा मारा. एकाच जागी मारत राहिलात तर ते तिरके अडकते. नट स्टडवर (हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या खिळीवर) असल्यामुळे चाक सुटले तरी पायावर येत नाही.

हबचा सपाट चेहरा तारेच्या ब्रशने चकचकीत करा. गंजाचा एक पापुद्रा जरी मागे राहिला तरी नवी रिम तिरकी बसते.

नट बसवणे

इथे घाई करणारे सगळे फसतात, आणि मलाही या टप्प्याने सर्वांत जास्त छळले आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. चाक स्टडवर लटकलेले नसते. नट रिमला हबवर दाबतो आणि त्या दाबातल्या घर्षणावर चाक टिकते. दाब गेला की सगळे धक्के आडवे स्टडवर येतात आणि स्टड तुटतो. शिवाय बाहेरच्या बहुतेक रिमचे मधले भोक हबपेक्षा मोठे असते, म्हणजे चाक मध्यावर आणण्याचे कामही नटालाच करावे लागते.

म्हणून नटाचे बूड महत्त्वाचे. बाहेरच्या अ‍ॅल्युमिनियम रिमला सहसा निमुळत्या बुडाचा, ६० अंशांचा नट लागतो. मूळ चाकाचे नट सपाट बुडाचे असतील तर ते रिमच्या भोकातल्या या निमुळत्या बैठकीत फक्त कडेला टेकतात. आवळताना घट्ट वाटतात आणि पहिल्याच खडबडीत वाटेवर ढिले होतात. ‘जुनेच नट चालतात’ हा सल्ला बूड न पाहता देणाऱ्याचे काही ऐकू नका. निमुळती बाजू रिमकडेच हवी. उलटा लावलेला नटही दिसायला व्यवस्थितच दिसतो.

मग लांबी. बाहेरच्या रिमचा मधला भाग जाड असतो आणि तेवढा स्टड कमी उरतो. स्टडच्या जाडीइतके तरी आटे नटात गेलेच पाहिजेत. १० मिलीमीटर जाड आणि १.२५ मिलीमीटर पिचचा (दोन आट्यांमधले अंतर) स्टड असेल तर निदान आठ पूर्ण वेढे, मोजा. टोपीचे (एका टोकाला बंद) नट असतील तर धोका उलटा असतो: स्टड लांब असला की नटाचे टोक आतून टेकते, पाना थांबतो आणि रिम मात्र मोकळीच राहते.

आता प्रत्यक्ष लावायचे. रिम हबला सपाट टेकवा आणि एका हाताने मधोमध दाबून धरा. पहिला नट सर्वांत वरच्या स्टडवर, बोटांनी. चाक स्वतःच्या वजनाने भोकातल्या फटीइतके खाली उतरलेले असते. वरचा नट आत जाताना ते उचलून मध्यावर आणतो. त्यानंतर खालचा, मग दोन्ही बाजूंचे. फिरवताना दुसऱ्या हाताने चाक किंचित हलवत राहा. नट मोकळा फिरून एकदम, स्पष्टपणे थांबला तर बसला. हळूहळू जड होत गेला तर एक तर आटे तिरके धरलेत किंवा निमुळते बूड बैठकीच्या कडेवर चढले आहे. पाना न लावता मागे फिरवा आणि नव्याने सुरुवात करा. बोटांनी बसत नाही म्हणून इम्पॅक्ट गन (नट धक्क्याने फिरवणारे यंत्र) हातात घेणारा माणूस आटे आणि रिम दोन्ही घालवतो. माझ्या मते नट बसवताना त्या गनला जागाच नाही. काढताना खुशाल वापरा.

चारही बोटांनी बसले की टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना) फुलीच्या क्रमाने, समोरासमोरचे नट घेत, निम्म्या टॉर्कपर्यंत आवळा. गाडी अजून हवेतच असते. रिमच्या कडेजवळ एखादी पट्टी स्थिर धरून चाक फिरवा. फट कमी-जास्त होत असेल तर चारही सोडा आणि पुन्हा बसवा. एकच नट ‘जरा जास्त’ आवळून तो फरक जात नाही. मगच गाडी खाली आणा आणि त्याच क्रमाने पूर्ण टॉर्क द्या. आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला घ्या. दुसऱ्याच्या गाडीचा, वेगळ्या जाडीच्या स्टडचा आकडा कामाचा नाही.

स्टडवर ग्रीस नको. हा आकडा सहसा कोरड्या आट्यांचा असतो, आणि आटे ओले असले की तेवढ्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. पुढच्या वेळी चाक चिकटू नये म्हणून अँटी-सीझ (धातू चिकटू न देणारा लेप) लावायचेच असेल तर हबच्या मधल्या उंचवट्यावर पुसट हात फिरवा. सपाट चेहऱ्यावर नाही, आट्यांवर नाही.

टायरवर बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेने. हवा भरा. मधली टोपी लावा.

पहिल्या फेरीनंतर

नव्या रिमच्या बैठकीतला रंग दाबला जातो आणि नट थोडा सैल पडतो. १५-२० किलोमीटरच्या आत थांबून त्याच आकड्याला पाना पुन्हा लावा. थोडेसे फिरून पाना टिकला तर ठीक. नट पातळ, आतून खाचांचे असतील तर त्यांची खास चावी गाडीतच ठेवा, कारण साधा सॉकेट त्या भोकात शिरत नाही. दुसऱ्या तपासणीतही एखादा नट ढिला निघाला तर आवळून पुढे जाऊ नका. चाक उतरवून बैठक पाहा: भोक लांबट झाले असेल तर रिम बाद, आणि तिच्याबरोबर तो स्टडही बदला.