तालुक्याच्या गावातील पुस्तकाच्या दुकानातून अहिंसेचे काम कसे करावे

विदर्भातील तालुक्याच्या गावी पुस्तकाचे दुकान चालते ते वह्या, गाइड आणि भरतीच्या पुस्तकांवर. या विक्रीला दुकानदाराने कमी लेखू नये, कारण ज्या तरुणांपर्यंत अहिंसेचा विचार पोहोचायला हवा, तेच या पुस्तकांसाठी दुकानाची पायरी चढतात.

म्हणून शांततेवरची पुस्तके मागच्या कपाटात न ठेवता पोलीस आणि सैन्य भरतीच्या पुस्तकांशेजारीच मांडावीत. पहाटे धावायला जाणाऱ्या मुलाशी युद्धावर वाद मात्र घालू नये. कोरडवाहू शेती आणि नोकरीची निकड यांनी तो तिथवर आलेला असतो, त्याचा मान राखलाच पाहिजे. त्याने आपणहून विचारले, तर इंग्रजांनी भारताला न विचारता महायुद्धात ओढले तेव्हा १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला युद्धविरोधी भाषण करून विनोबा भावे पहिले वैयक्तिक सत्याग्रही कसे झाले आणि त्यासाठी तुरुंगात कसे गेले, हे सांगावे. ही घटना वर्ध्याजवळची असल्याने ती त्याला परकी वाटत नाही.

सामाजिक कामाची खरी जागा गल्ल्याशेजारचे टेबल आहे. तिथे माहिती अधिकार कायदा, २००५ आणि वनहक्क कायदा, २००६ यांच्या मराठी प्रती कायम असाव्यात. माहितीचा अर्ज आपण लिहून देऊ नये. शेजारी बसून अर्जदाराकडूनच लिहून घ्यावा. एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत, आणि वर दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प. ‘रस्ता निकृष्ट का झाला’ असे विचारण्यापेक्षा ‘या कामाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत द्यावी’ (म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या कामाची मापे नोंदवलेल्या वहीची) असे लिहिल्यास उत्तर टाळणे अधिकाऱ्याला अवघड जाते. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते.

वाचनगट बाजाराच्या दिवशी बसवावा, पेरणीच्या दिवसांत बंद ठेवावा आणि मजकूर मोठ्याने वाचावा, म्हणजे निरक्षर वडीलधाऱ्यांनाही बोलता येते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय करायचा ही पद्धत रुजवली, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावरचा साऱ्या गावाचा कायदेशीर हक्क, मिळवला. मतदानात हरलेला गट मनात अढी धरतो. सहमतीला वेळ लागतो, पण गाव फुटत नाही. माझ्या मते अहिंसेचे याहून चांगले शिक्षण नाही.

दुकानावर कोणत्याही पक्षाचा झेंडा लावू नये. मिरवणुकीवरून गावात तणाव झाला, तर शक्य तोवर शटर उघडे ठेवावे, दोन्हीकडच्या माणसांना बसायला जागा द्यावी आणि मोबाइलवर आलेला मजकूर खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नये.

या सगळ्याचा खर्च जूनमधल्या वह्यांच्या विक्रीतून आणि गावोगावच्या अनुदानित वाचनालयांच्या खरेदीतून काढावा. त्यासाठी त्यांच्या ग्रंथपालांना पुस्तकांची यादी अनुदान येण्याआधीच नेऊन द्यावी.