रँक 14 की 12? शून्य-एकच्या मॅट्रिक्सने घेतलेली फिरकी

'लाइट्स आउट' या कोड्यात चौकटीतले सगळे दिवे विझवायचे असतात; एक दिवा दाबला की तो आणि वर-खाली, डावी-उजवीकडचे शेजारी उलटतात, म्हणजे चालू असलेले बंद आणि बंद असलेले चालू होतात. कोणता दिवा कोणाला उलटवतो, याचं 0-1 मॅट्रिक्स (आकड्यांचा तक्ता) मी पायथनमध्ये मांडलं. 5×5 च्या खेळासाठी त्याची रँक, म्हणजे एकमेकींपासून स्वतंत्र ओळींची संख्या, आली 23, अगदी बरोबर. मी खूश.

मग 4×4 घेतला. रँक 14; प्रत्येक स्वतंत्र ओळ घ्यायची की नाही असे दोन पर्याय, म्हणजे सुटणाऱ्या मांडण्या 2¹⁴ = 16384 हव्यात. दाबण्याचे सगळे 65536 प्रकार चालवून पाहिले, तर भरल्या फक्त 4096! दोन संध्याकाळी लूपमध्ये चूक शोधण्यात गेल्या.

चूक लूपमध्ये नव्हतीच. तयार फंक्शन वास्तव संख्यांवरची रँक देतं; इथे मात्र 1+1=0, कारण दिवा दोनदा उलटला की पुन्हा होता तसाच. 011, 101, 110 या ओळी घ्या: एरवी स्वतंत्र, रँक 3. मॉड्युलो 2 मध्ये, म्हणजे याच 1+1=0 च्या हिशोबात, तिघींची बेरीज शून्य, रँक 2.

शेवटी वजाबाकीच्या जागी एक्सऑर (दोन बिट सारखे तर 0, वेगळे तर 1) वापरून गाउसचं निरसन, म्हणजे ओळीतून ओळ वजा करत रँक काढण्याची रीत, स्वतःच लिहिलं, जेमतेम पंधरा ओळी. 4×4 ची रँक 12 आली, आणि 2¹² म्हणजे बरोबर 4096. 5×5 ची दोन्हीकडे 23च येते, म्हणून तर फसलो!