बातमी दिल्लीची, माप सोलापूरचं: रविवारचं हलकं सदर कसं लिहावं

रविवारच्या पुरवणीत एका कोपऱ्यात असं सदर असतं. शहरातलं कुणीतरी आठवड्याच्या बातम्या, नवा सिनेमा, क्रिकेट, गाजलेली मालिका यांवर पारावर बसल्यासारखं बोलत असतं. वाचताना वाटतं, हे काय, चहा संपेपर्यंत लिहून होईल. प्रत्यक्ष लिहायला बसलं की दुसऱ्या परिच्छेदातच गाडी अडते, कारण तोवर मत सांगून झालेलं असतं आणि हातात दुसरं काही नसतं. म्हणून या लेखनात मत सगळ्यात शेवटी येतं. आधी माल जमवायचा.

आकार ठरवून घ्या: साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे शब्द. एवढ्यात बाहेरची एक बातमी, तिला भिडणारा सोलापुरातला एक पक्का तपशील आणि एखादं छोटं आडवळण मावतं. दोन बातम्या कोंबल्या की दोन्ही उपाशी राहतात. दुसरी वहीत ठेवा. पुढच्या आठवड्यात ती शिळी वाटली, तर ती घेण्यासारखी नव्हतीच.

मजकूर बुधवारी-गुरुवारी द्यायचा आणि छापून यायचा रविवारी, हे बातमी निवडताना डोक्यात हवं. सामन्याचा निकाल, नेत्याचं वक्तव्य, नटाचं लग्न चार दिवसांत मरून जातं. नियम बदलला, भाव बदलला, काही नव्यानं सुरू झालं किंवा कायमचं बंद पडलं, अशा बातम्या टिकतात. सोलापूरहून गोव्याचं विमान ९ जून २०२५ ला सुरू झालं. त्यावर त्याच आठवड्यात लिहिलेला मजकूर हारतुऱ्यांचा झाला असता. सहा महिन्यांनी लिहिलं तर विमानात कोण बसतं, बॅगेत शेंगाचटणीची किती पाकिटं असतात आणि विमानतळाकडे जाणाऱ्या होटगी रस्त्यावरच्या रिक्षाचं भाडं किती, हे सगळं हाताशी येतं.

माल कुठून आणायचा? पेपरचं पहिलं पान सगळेच वाचतात. तुम्ही आतली पानं वाचा: बाजारभाव, जाहीर नोटिसा, महापालिकेच्या निविदा, निधनवार्ता, हरवले-सापडले. कान नवी पेठेत, सात रस्त्याच्या रिक्षा थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत आणि पार्क चौकातल्या खाऊगल्लीत ठेवा. ऐकलेलं वाक्य त्याच दिवशी, जसंच्या तसं लिहून तारीख आणि ठिकाण टाका. बोलणाऱ्याचं नाव लिहू नका, ते कधी ना कधी छापून जातं. दोन दिवसांनी आठवून लिहिलेलं वाक्य तुमच्या भाषेतलं होऊन बसतं आणि त्यातली गंमत उडते.

आता आकडे. हलकं सदर बहुतेक वेळा इथेच आपटतं, म्हणून जरा सविस्तर.

सोलापुरात उजनी धरणाशिवाय वर्ष जात नाही. ‘उजनी वजा २० टक्के’ असा मथळा आला की अनेकजण ‘धरण कोरडं पडलं’ असं लिहून मोकळे होतात. हिशेब असा आहे. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि मृत साठा, म्हणजे त्याखालचं तळातलं पाणी, ६३.६६ टीएमसी. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्यावर काढतात. शून्य टक्के म्हणजे उपयुक्त साठा संपला, पण धरणात कागदावर ६३.६६ टीएमसी अजून आहे. वजा २० म्हणजे ५३.५७ च्या २० टक्के, म्हणजे सुमारे १०.७ टीएमसी, मृत साठ्यातून उचललं. तरीही जवळपास ५३ टीएमसी शिल्लक राहतं. त्यातला काही भाग गाळाचा, हे मात्र धरून चालायचं. मग शहराला त्रास का? पातळी खाली गेली की पंपांना पाणी पोचत नाही, दुबार पंपिंग, म्हणजे पाणी दोनदा उपसणं, लावावं लागतं, आणि भीमेतून शहराला पाणी पुरवणाऱ्या औज बंधाऱ्यात सोडलेलं पाणी कधी पोचतं याच्याकडे डोळे लागतात. हे कळलं की सदराला विषयही मिळतो: धरणात पाणी आहे, नळाला नाही, आणि मधल्या अंतरात टँकरवाला आहे. नुसतं ‘पाणीटंचाईनं हैराण’ लिहून यातलं काहीच हाती लागत नाही.

कांद्याचंही तसंच. सोलापूर बाजार समितीत डिसेंबर-जानेवारीत आवक इतकी होते की एखाद्या दिवशी लिलावच बंद ठेवावा लागतो. मथळ्यात येतो तो कमाल भाव, म्हणजे निवडक मालाच्या एखाद्या वक्कलाला, म्हणजे ढिगाला, मिळालेला. बाजारभावाच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन रकाने असतात. तुम्ही सर्वसाधारण घ्या. भाव क्विंटलचा असतो, त्यामुळे १,५०० रुपये म्हणजे किलोला १५. मंडईत तोच कांदा ३० ला मिळत असेल तर मधल्या १५ रुपयांत हमाली, तोलाई, वाहतूक, सडका माल आणि विकणाऱ्याचा नफा आला. त्या १५ रुपयांवर एक अख्खं सदर होतं.

सिनेमाच्या कमाईत फसगत आणखी सोपी. पोस्टरवर ‘१०० कोटी’ दिसतं, पण ते ग्रॉस की नेट, देशातलं की जगभरातलं, हे कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. २३६ रुपयांचं तिकीट घ्या, ही झाली ग्रॉस. त्यात १८ टक्के जीएसटीचे ३६, राहिले २००. ही झाली नेट. त्यातला साधारण निम्मा वाटा पहिल्या आठवड्यात वितरकाकडे जातो, पुढच्या आठवड्यांत तो घटत जातो. निर्मात्याच्या हाती त्यानंतर काय लागतं ते वेगळंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर कर ५ टक्के आहे, त्यामुळे एकपडदा थिएटर आणि मल्टिप्लेक्स यांचे आकडे एकाच मापानं मोजू नका.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात: गाडीच्या डॅशबोर्डवरचे ४७ अंश लिहू नका. हवामान खात्याचं तापमान सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर ठेवलेल्या हवेशीर लाकडी पेटीत मोजतात. तोच आकडा घ्या. आणि सोलापूरच्या उन्हावर सूर्याच्या सासुरवाडीचे विनोद आता बास.

फॉरवर्ड आलेला व्हिडिओ किंवा आदेश यावर लिहिण्याआधी तो तपासावाच लागतो. स्थानिक खुणा इथे फार कामाला येतात. होटगी रस्त्याकडच्या दृश्यात सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी उभी दिसली, तर तो व्हिडिओ १५ जून २०२३ च्या आधीचा. त्या दिवशी ती पाडली. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीचे व्हिडिओ दर जानेवारीत नव्यानं फिरतात. त्यात मागचे फलक, पाळण्यांची मांडणी, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावरच्या दुकानांच्या पाट्या बघा. सरकारी आदेश असेल तर शासन निर्णयावर संगणक सांकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, तारीख. तो सरकारी संकेतस्थळावर टाकून बघा. सापडला नाही, तर विषय बदला. महापालिकेकडून एखादा आकडा हवाच असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची, त्यामुळे तो या रविवारसाठी नसतो. महिन्यातून एक अर्ज टाकत राहिलं की वही कधी रिकामी राहत नाही.

सिनेमावर लिहायचं तर तो थिएटरात बघा. ट्रेलरवरून लिहिलेलं दोन ओळींत उघडं पडतं. सोलापुरात एक गोष्ट बाहेरच्यांना दिसत नाही: पूर्व भागात तेलुगू घरचीच भाषा असल्यानं मोठ्या तेलुगू नटाचा सिनेमा इथे डबिंगची वाट बघत नाही. विजापूर वेशीकडे उर्दू-दखनी, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. एकाच सिनेमाला चार भाषांत हसणारं शहर असेल तर कोण कुठल्या वाक्याला हसलं, याची नोंद परीक्षणापेक्षा जास्त वाचनीय होते. मध्यंतरानंतरचं कथानक सांगू नका. सेन्सॉरचं प्रमाणपत्र लिहा, पण नवं: यूए आता ७+, १३+ आणि १६+ असं तीन टप्प्यांत येतं. गाण्याची एखादी ओळ उद्धृत केली तर चालते, अख्खं कडवं छापलं तर हक्काचा प्रश्न येतो.

भाषेबद्दल. ‘काय करायलास बे’ हे वाक्य सोलापूरकराला गोड लागतं, पण फक्त बरोबर ठिकाणी. निवेदन तुमच्या नेहमीच्या मराठीत ठेवा, बोली अवतरणात. रिक्षावाला आणि भाजीवाली तेवढी बोलीत आणि डॉक्टर, प्राध्यापक शुद्ध मराठीत, अशी वाटणी करू नका. या शहरातले प्राध्यापकही घरी ‘बे’ म्हणतात.

टोमणा कुणाला मारायचा याला नियम आहे. खुर्चीवरच्या माणसाच्या कामाला मारावा, त्याच्या जातीला, दिसण्याला, घरच्यांना नाही. १ जुलै २०२४ पासून बदनामीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३५६ आहे. गोष्ट खरी असणं एकट्यानं पुरत नाही, ती लोकहितासाठी सांगितलेली असावी लागते. ‘रस्ता तीनदा खोदला’ असं लिहायचं तर तीन तारखांचे तीन फोटो फोनमध्ये हवेत. शेजाऱ्याची गंमत लिहायची असेल तर गल्ली, मजला आणि धंदा, तिन्ही बदला. नुसतं नाव बदलून कुणी फसत नाही.

तारखांचं एक ठेवा. १२ जानेवारीला चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १९३१ साली त्या दिवशी येरवड्यात फाशी दिली. त्याच दिवशी जिजाऊ आणि विवेकानंद यांच्या जयंत्या, आणि गड्डाही त्याच सुमारास, तैलाभिषेकापासून शोभेच्या दारूकामापर्यंत. पेपरात जागा नसते आणि हलका सूर चुकीचा लागतो. त्या आठवड्याचा मजकूर डिसेंबरातच, यात्रेतल्या पाळण्यांवर वगैरे, लिहून ठेवावा.

आता लिहायला बसा. पहिलं वाक्य तपशिलाचं: भाव, पाटी, ऐकलेलं बोलणं. बातमी दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात, आणि ती पूर्ण सांगू नका, वाचकानं ती चार दिवस ऐकलेली आहे. मध्यावर आडवळण, शंभर शब्दांच्या आत. मग परत मूळ बातमीवर, आणि तिथे तुमचं मत एका वाक्यात. दुसरं वाक्य लिहिलंत की प्रवचन सुरू होतं. ‘आजकालची पिढी’, ‘गेले ते दिवस’ आणि गिरण्यांच्या भोंग्याची आठवण हे तिन्ही दिसले की खोडा. भोंग्यावर लिहायचंच तर पाळ्यांच्या वेळा देऊन, स्वतंत्र लिहा.

कच्चा मजकूर आठशे शब्दांचा होऊ द्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी मोठ्यानं वाचा. सहाशे शब्दांना साधारण पाच मिनिटं लागतात. श्वास जिथे अडकतो ते वाक्य तोडा, जिथे स्वतःलाच हसू येतं ते वाक्य एकदा संशयानं बघा. कापताना आधी विशेषणं, मग पहिला परिच्छेद. तो बऱ्याचदा नुसता घसा खाकरलेला असतो.

पाठवताना युनिकोडमध्ये पाठवा. पान श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये लागत असेल तर रूपांतरात ‘ऱ्या’, रफार आणि अवतरणचिन्हं बिघडतात, म्हणून छापण्याआधी पानाचा फोटो मागून घ्या आणि आधी आकडे वाचा. वजाचं चिन्ह हमखास गळतं. उजनीच्या बाबतीत ते अक्षरातच लिहावं.