संशोधन संस्थेतील अनुदान कक्षाची बांधणी

अनुदान कक्ष उभारताना सर्वांत आधी ठरवायचे ते हे, की कक्षाचे काम कोठे सुरू होते आणि कोठे संपते. प्रस्ताव रवाना झाला की काम संपले असे मानले, तर मंजुरीनंतरचा हिशेब मूळ अंदाजपत्रक कधीच न पाहिलेल्या लेखा विभागाच्या गळ्यात पडतो. मंजुरीपूर्वीचे आणि नंतरचे काम दोन माणसांकडे सोपवण्यास हरकत नाही. मात्र प्रस्तावांची नोंद एकच असावी आणि ती दोघांनीही भरावी.

संस्थेची अंतर्गत मुदत दोन टप्प्यांत ठेवावी. अंदाजपत्रक, भागीदार संस्थांची संमतिपत्रे आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याची मान्यता अंतिम तारखेच्या दहा दिवस आधी पूर्ण व्हावी, आणि वैज्ञानिक मजकुरावर हात फिरवायला मात्र संशोधकाला अखेरच्या दोन दिवसांपर्यंत मोकळीक असावी. सरसकट एकच मुदत लादली की ती मोडली जाते, आणि एकदा मोडलेली मुदत पुढे कोणीच पाळत नाही.

अंदाजपत्रकाची जबाबदारी कक्षाने स्वतःकडे घ्यावी, असे माझे ठाम मत आहे, कारण चुका तेथेच होतात. युरोपीय संघाच्या होरायझन युरोप (२०२१–२०२७) या संशोधन-निधी कार्यक्रमात अप्रत्यक्ष खर्च (जागा, वीज, कार्यालयीन कामकाज असा एकाच प्रकल्पाच्या नावे न टाकता येणारा खर्च) सर्वसाधारणपणे पात्र प्रत्यक्ष खर्चाच्या २५ टक्के धरतात, पण उपकंत्राटाची रक्कम त्यातून वगळतात. म्हणजे प्रत्यक्ष खर्च ४ लाख युरो असून त्यात ४० हजारांचे उपकंत्राट असेल, तर अप्रत्यक्ष खर्च १ लाख नव्हे, ९० हजार युरो होतो. विषयात बुडालेल्या संशोधकाने हा नियम लक्षात ठेवावा अशी अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

नियमांची तपासणी विषय न जाणणाऱ्या सहकाऱ्याकडून करून घ्यावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या आर०१ या संशोधन प्रकल्पांसाठीच्या अनुदानासाठी संशोधन आराखडा १२ पानांत बसवावा लागतो. पानांची संख्या, अक्षरांचा आकार आणि समास त्याच्याच नजरेला आधी खुपतात.

नामंजूर प्रस्तावही परीक्षकांच्या अभिप्रायासह जपावेत. निकालानंतर महिनाभरात कक्षाने संशोधकासोबत बसून ते अभिप्राय ओळीने वाचावेत, आणि तोच प्रस्ताव सुधारून पुन्हा पाठवायचा की दुसरीकडे न्यायचा, हे त्याच बैठकीत ठरवून नोंदीत लिहावे.