फॉन विलेब्रांड फॅक्टरची एलायझा: आधी नळी, मग प्लेट

फॉन विलेब्रांड फॅक्टर म्हणजे रक्त गोठायला मदत करणारं प्रोटीन. ते किती आहे हे एलायझा, म्हणजे बारीक खळग्यांच्या (वेलच्या) प्लेटमधली रंगाची चाचणी, मोजते. प्लेटचं पाकीट फोडायच्या आधी रक्ताची नळी उचला आणि उजेडात धरा. 3.2 टक्के सिट्रेटची (रक्त गोठू न देणाऱ्या द्रावाची) नळी खुणेपर्यंत भरलेली हवी: नऊ भाग रक्त, एक भाग सिट्रेट. कमी भरली असेल तर परत पाठवा, वाद घालत बसू नका. हळूच तिरकी करून बघा. गुठळीचा बारीक तुकडा जरी दिसला, तरी नमुना बाद.

मी नवखी होते तेव्हा जपायच्या नादात एक नळी तशीच, न फिरवता, बर्फात ठेवली. फॅक्टरचा आकडा आला 31 युनिट प्रति डेसिलिटर. पुन्हा रक्त मागवलं, या वेळी नळी खोलीच्या तापमानाला ठेवली, तर 78! अख्खं रक्त गार ठेवलं की हा फॅक्टर घटतो आणि नसलेला आजार माणसाच्या माथी बसतो.

नळी सेंट्रिफ्यूजमध्ये 1500 जीवर (गुरुत्वाच्या 1500 पट जोराने) 15 मिनिटं फिरवा. प्लाझ्मा काढताना हाव नको, पेशींच्या थराजवळचा थोडा तसाच सोडा. गोठवलेला नमुना 37 अंशांच्या पाण्यात वितळवा. फ्रीजमध्ये सावकाश वितळवलात तर साका बसतो, आणि आपला फॅक्टर नेमका त्या साक्यात जातो.

प्लेटचं काम किटच्या कागदाप्रमाणे. माझी भर एवढीच: प्रत्येक नमुना दोन डायल्यूशनमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या प्रमाणांत पातळ करून, लावा, प्रत्येकी दोन वेल. जितक्या पट पातळ केलं तितक्याने गुणून आलेले आकडे जुळले नाहीत तर काहीतरी आड येतंय. वॉशनंतर प्लेट उलटी करून टिश्यूवर ठाकठाक आपटा. वेलमध्ये राहिलेला एक थेंब सगळी मेहनत वाया घालवतो. रंग आणणारं सबस्ट्रेट ज्या क्रमाने टाकलं, त्याच क्रमाने आणि त्याच गतीने ते थांबवणारं ॲसिड टाका. निळा रंग पिवळा झाला की लगेच 450 नॅनोमीटरवर वाचा. सगळ्यात वरच्या कॅलिब्रेटरच्या (आकडा आधीच माहीत असलेल्या नमुन्याच्या) पलीकडचा आकडा कधीच अंदाजाने देऊ नका, नमुना आणखी पातळ करा.

साधारण 50 ते 200 युनिट प्रति डेसिलिटर नॉर्मल धरतात. ओ रक्तगटात तो पाव हिश्श्याने कमीच असतो. ताप, ताण, गरोदरपणात चढतो. म्हणून काठावरच्या आकड्याला मी पुन्हा नमुना मागते.

आणि ही चाचणी प्रोटीन किती आहे तेवढंच सांगते, ते काम करतंय का हे नाही. म्हणून ॲक्टिव्हिटीची, म्हणजे कामाची, चाचणी शेजारी लावा. ॲक्टिव्हिटी भागिले अँटिजेन (या एलायझाचा आकडा) 0.7च्या खाली आलं, तर टाइप 2चा, म्हणजे फॅक्टर नीट काम न करणाऱ्या फॉन विलेब्रांड आजाराचा, संशय डॉक्टरांना फोन करून कळवा.