नांदूर मध्यमेश्वरच्या वाटेवर सायकल चालवताना या चुका टाळा

नाशिकहून सायखेडा आणि तेथून गोदावरीच्या काठाकाठाने चापडगावकडे जाणारे डांबरी रस्ते सायकलस्वारांच्या फार आवडीचे झाले आहेत. द्राक्षबागा, ऊस, कांद्याचे वाफे आणि मधूनमधून नदीचे दर्शन असा हा सपाट प्रदेश आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यामुळे तयार झालेले नांदूर मध्यमेश्वरचे पाणथळ 1986 मध्ये अभयारण्य झाले आणि 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले, तेव्हापासून हिवाळ्यातील रविवारी येथे येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. रस्ता सपाट आणि रहदारी कमी, म्हणजे तयारी नसली तरी चालेल, असा बहुतेक नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात महामार्गावर अडचण आली तर पावलापावलावर दुकान सापडते. येथे मात्र पुढच्या फाट्यापर्यंत सायकल ढकलत न्यावी लागते.

सर्वाधिक पाहिलेली चूक म्हणजे टायर न तपासता ट्यूब बदलणे. पावसाळा संपला की या रस्त्यांच्या कडेला सराट्याचे वेल वाळतात आणि त्यांची काटेरी फळे डांबरावर विखुरतात. फळाचा प्रत्येक तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच. त्याशिवाय कुंपणासाठी तोडलेल्या बाभळीच्या फांद्या ट्रॅक्टरमधून नेताना गळतात, त्यांची भर वेगळी. काटा टायरमध्ये शिरतो, त्याचे टोक आत मोडते आणि बाहेरून काहीही दिसत नाही.

गेल्या हिवाळ्यात खाणगाव थडीच्या अलीकडे आमच्यातील एका तरुणाचे पुढचे चाक बसले. त्याची सायकल नवी होती, हात चपळ होते आणि ट्यूब किती वेळात बदलता येते याचा त्याला अभिमान होता. जुनी ट्यूब ओढून काढली, नवी कोंबली, हवा भरली आणि तो निघालासुद्धा. अर्धा किलोमीटर होण्याच्या आत चाक पुन्हा बसले. मी टायर तपासण्यास सुचवले, तेव्हा ‘नवी ट्यूबच खराब निघाली असणार’ असे म्हणून त्याने दुसऱ्याची ट्यूब मागून घेतली आणि तिचीही तीच गत केली. त्यानंतर मात्र त्याने टायर माझ्या हाती दिला. आतून रुमाल फिरवताच एका जागी धागा अडकला आणि तेथे तिळाएवढेही नसलेले काट्याचे टोक सापडले. नखाने ते निघेना, म्हणून चिमट्याने काढावे लागले. घाईने वाचवलेल्या पाच मिनिटांची किंमत दोन ट्यूब आणि तासभराचा खोळंबा अशी पडली, शिवाय तोवर ऊन चढले होते ते निराळेच.

माझी सवय अशी की टायर चढवतानाच त्यावरील कंपनीचे छापील नाव व्हॉल्वच्या बरोबर शेजारी येईल असे बसवायचे. ट्यूबमध्ये हवा भरून छिद्र शोधले की व्हॉल्वपासूनचे त्याचे अंतर मोजायचे आणि टायरवर छापील नावापासून तेवढ्याच अंतरावर, दोन्ही बाजूंना, काटा शोधायचा. एवढे केल्यावरही संपूर्ण टायर आतून कापडाने पुसायचा, कारण सराट्याचा काटा एकटा आला असेल याची खात्री नसते. उघडे बोट मात्र फिरवू नये. पॅच लावताना सोल्युशन सुकेपर्यंत थांबावे लागते आणि ते थांबणे ज्याला जमत नाही, त्याने सायकलऐवजी बस धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

टायर दगडासारखा टणक भरणे हीही चूकच आहे; गावातील खडबडीत डांबरावर त्याने वेग वाढत नाही, फक्त मनगटे दुखतात.

दुसरी माझ्या विशेष रागाची चूक म्हणजे मोबाइलच्या नकाशावर दिसणारी जवळची वाट. नांदूर मध्यमेश्वरहून निघणारे गोदावरीचे कालवे, त्यांचे पाट, पाटाच्या कडेचे रस्ते आणि शेतांतून जाणारे शिवाररस्ते नकाशावर एकाच रेषेने दाखवलेले असतात. त्यातील डांबरी कोणता आणि नुसती माती कोणती, हे पडद्यावर कळत नाही. या निफाड तालुक्याची जमीन काळी आहे. कोरडी असताना ती चांगली वाटते, पण पाणी लागले की फुगते आणि ज्याला स्पर्श होईल त्याला चिकटते.

परतीच्या पावसाच्या दिवसांत एका गटाने सात किलोमीटर वाचवण्यासाठी पाटाकडेची वाट धरली. मी नको म्हणत होतो, पण बहुमतापुढे इलाज नव्हता. पहिल्या दोनशे मीटरमध्येच माती टायर आणि ब्रेक यांच्यामध्ये इतकी दाटली की चाके फिरायची थांबली. एकाने जोर करून पेडल मारले, तेव्हा चिखलाने जड झालेली चेन अडकली, मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, स्पोकमध्ये ओढला गेला आणि त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर तुटला. सायकली खांद्यावर घेऊन आम्ही एका मळ्यापाशी पोहोचलो. तेथील आजोबांनी विहिरीवरची मोटर चालू करून दिली, सायकली धुऊ दिल्या आणि म्हणाले, “दादा, पावसात आम्ही या रस्त्यानं ट्रॅक्टर घालीत नाही, तुम्ही सायकली घेऊन कुठं निघाले?” या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते.

तेव्हा डांबर संपले की मी खाली उतरतो आणि बुटाची टाच मातीत दाबतो. माती टाचेबरोबर उचलली गेली तर मागे फिरतो, मग पुढचे गाव डोळ्यांना दिसत असले तरी चालेल. फसलाच असाल तर पेडल मारू नका. काटकीने ब्रेकमधील माती काढा आणि सायकल उचलून परत डांबरावर आणा. नकाशाला विचारण्यापेक्षा फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर विचारावे. “रस्ता जातो का?” असे विचारले तर उत्तर नेहमी होच येते, म्हणून “गाडी जाते का, आत्ता?” असे विचारावे.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. येथे आभाळ कोरडे असले तरी गंगापूर आणि दारणा धरणांतून विसर्ग सुरू असेल तर सायखेडा, चांदोरी परिसरात नदी चढते. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याइतके दिसले तरी सायकल घालू नये.

ऊसतोडीच्या हंगामात डबल ट्रॉलीला ओलांडण्याची घाई करू नका. मागची ट्रॉली झुलते आणि चालकाला तुम्ही दिसत नाही. उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे, त्यामुळे अंधारात एकट्याने निघू नये आणि उसाच्या कडेला खाली बसू तर मुळीच नये, मग कारण कितीही तातडीचे असो. डिसेंबर-जानेवारीत हातमोजे घरी ठेवणारे शहरी वीर तर दरवर्षी भेटतात. निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा कधीकधी पाच अंशांखाली उतरतो आणि बधिर बोटांनी ब्रेक दाबता येत नाही. नदीकाठी धुके असेल तर मागचा लाल दिवा सूर्य उगवल्यावरही चालू ठेवावा.

अभयारण्यापाशी पोहोचल्यावर होणारी चूक वेगळ्या जातीची आहे. पिशवीत वाजणारा स्पीकर, घंटा आणि मोठमोठ्याने हाका यांमुळे पाण्याच्या काठावर चरणारे क्रौंच आणि चक्रवाक उठून जातात आणि मग “येथे पक्षीच नाहीत” अशी तक्रार ऐकू येते. सायकल प्रवेशद्वारापाशी कुलूप लावून ठेवावी आणि पुढे पायी जावे. क्लीटचे (पेडलमध्ये अडकणाऱ्या खिट्टीचे) बूट घालून बांधावरून चालणारे घसरतात, म्हणून मी पिशवीत साध्या चपला ठेवतो.

शेवटी वारा. मार्चनंतर या भागात पश्चिमेचा वारा जोर धरतो. नाशिकहून निघताना तो पाठीवर असतो, म्हणून नवख्यांना आपण अचानक बलवान झाल्यासारखे वाटते आणि ते ठरवल्यापेक्षा दहा किलोमीटर पुढे जातात. परतताना तोच वारा छातीवर येतो, डोक्यावर ऊन असते आणि बाटली रिकामी झालेली असते. त्या महिन्यांत मी नऊच्या आत परतीला लागतो आणि निम्मे पाणी परतीसाठी राखून ठेवतो.